पुस्तकांची खोकी आणि घरातली माणसं

मागच्या अंकात मी स्वतःच्या पैशाने कादंबरी छापून स्वतःच विकण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. मला वाटलं होतं कागद, बाइंडिंग, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) असले प्रश्न येतील, तेही आलेत, पण निम्म्याहून जास्त पत्रं घराबद्दलची आहेत. नवरा काय म्हणतो, बायको का बोलत नाही, मुलांची परीक्षा आणि पुस्तकाचा कार्यक्रम एकाच आठवड्यात आला तर काय करायचं. म्हणून यावेळी फक्त तीच पत्रं घेतलीत. कुणाचंही नाव छापत नाहीये, आणि थोडी काटछाटही केलीय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात एका हायस्कूलला शिकवते. जूनमध्ये माझी पहिली कादंबरी छापून घेतली, 208 पानं, 500 प्रती, डीटीपी, मुखपृष्ठ सगळं धरून 62 हजार खर्च आला, हे माझे शिकवणीचे साठवलेले पैसे होते. किंमत 300 ठेवलीय. आतापर्यंत 110 प्रती गेल्या, त्यातल्या 40 तरी ओळखीत फुकट. बाकीची खोकी दिवाणाखाली आहेत. मी शाळेतून आले की स्वयंपाक करता करता फेसबुकवर पोस्ट, कुणाला मेसेज, कुणाला पुस्तक मिळालं का विचारणं, हेच चालू असतं आणि रात्री साडेअकरापर्यंत मोबाईल हातात असतो. मोठा मुलगा यंदा दहावीला आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना संध्याकाळी शेक द्यावा लागतो. परवा मिस्टर म्हणाले, पुस्तक लिहीत होतीस तेव्हा तरी घरात होतीस, आता नसतेसच. ते रागाने नाही बोलले, म्हणूनच जास्त लागलं. पुस्तक तसंच पडू देऊ का? पण मग लिहिलं कशाला? आणि मुलाला पार्सल बांधायला लावू का?

उत्तर : पडू देऊ नका. आणि मिस्टर बोलले तेही सोडून देऊ नका, कारण त्यांचं म्हणणं खरं आहे. लिहिताना माणूस एका ठिकाणी बसतो, घराला माहीत असतं की ती आत्ता लिहितेय, तासाभराने उठेल. प्रमोशनचं तसं नसतं, ते दिवसभर थोडं थोडं चालू राहतं, भाजी परततानाही आणि मुलगा काहीतरी सांगत असतानाही, आणि त्याला शेवट नसतो. घरच्यांना त्रास होतो तो तुम्ही किती तास देता याचा नाही, कुठल्याही क्षणी तुम्ही निघून जाता याचा होतो.

मी हे स्वतः भोगलंय म्हणून सांगते. माझी पहिली कादंबरी आली तेव्हा लेक सहावीत होती. तिच्या गॅदरिंगच्या दिवशीच मला एका तालुक्याच्या गावी वाचकांशी बोलायला बोलावलं होतं आणि मी गेले, अकरा माणसं होती, चार प्रती गेल्या. रात्री घरी आले तर ती आजीला नाचाचे फोटो दाखवत होती. मला दाखवले नाहीत. मी मागितले तेव्हा दिले, पण स्वतःहून नाही दाखवले. ती लेक आता नोकरीला लागलीय, तिच्या लक्षातही नसेल, पण माझ्या आहे. त्या चार प्रती पुढच्या महिन्यातही गेल्या असत्या.

आणि हीच गोष्ट मला तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचीय. मराठी कादंबरीला घाई नसते. सिनेमासारखं पहिल्या शुक्रवारी काय झालं त्यावर तिचं काही ठरत नाही. तुमच्या 500 प्रती अडीच-तीन वर्षांत गेल्या तरी त्यात काही बिघडत नाही, पुस्तक शिळं होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत सगळं झालं पाहिजे हे आपण मोबाईलवर बघून बघून डोक्यात घेतो. ती घाई काढून टाकली की घरासाठी जागा आपोआप होते.

आता करायचं काय. आठवड्यातले तीन तास ठरवा, समजा शनिवारी दुपारी 2 ते 5, आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसतील असे लिहा. पोस्ट लिहिणं, पत्ते काढणं, पार्सलं बांधणं, ग्रंथालयांना पत्रं, उधारीची आठवण, सगळं त्यातच. पोस्टी त्याच दिवशी पुढच्या आठवड्याच्या लिहून ठेवा. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं फक्त आलेल्या मेसेजना उत्तरं द्यायला, आणि मग मोबाईल दुसऱ्या खोलीत. ज्या वाचकाला पुस्तक हवंय तो उद्या सकाळपर्यंत थांबतो, खरंच थांबतो. सासूबाईंच्या शेकाच्या वेळेला मोबाईल जवळसुद्धा नको. ती वीस मिनिटं त्यांच्याशी बोला, त्यांनी कादंबरी वाचलीय का हे तुम्ही लिहिलं नाहीत, नसेल वाचली तर रोज दोन पानं वाचून दाखवा.

आणि वर्षाचा हिशोब आधी घराच्या बाजूने मांडा. आपल्याकडे पुस्तकांचा हंगाम आणि परीक्षांचा हंगाम एकमेकांवर येतात. डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्याजिल्ह्यातले ग्रंथोत्सव, साहित्य संमेलनं, तेव्हाच शाळांची गॅदरिंग. 99वं अखिल भारतीय साहित्य संमेलन तर 2026 च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात साताऱ्याला झालं, तुमच्यापासून जवळ, असं काही असलं की मोह होणारच. मग फेब्रुवारीत बारावी-दहावीचे पेपर सुरू होतात आणि त्यातच 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, त्या दिवशी तर प्रत्येक वाचनालयात लेखक हवा असतो. तुमचा मुलगा दहावीला आहे आणि तुम्ही स्वतः शिक्षिका, तुम्हाला सुपरव्हिजन आणि पेपर तपासणीही असणार. यंदा जानेवारी अखेर ते मार्च अखेर पुस्तक पूर्ण बंद ठेवा. कुणी बोलावलं तर सांगा, मुलाची दहावी आहे, एप्रिलमध्ये येते. महाराष्ट्रात हे कारण कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन आहे, पेपर संपलेले असतात, तो धरा. मे महिन्यात सुट्टीत सगळे मिळून महाबळेश्वरकडे जाणार असाल तर वाटेत भिलारला थांबा, 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं मांडलेली असतात. तिथे विकायला म्हणून जाऊ नका, घरच्यांना घेऊन नुसतं वाचत बसायला जा. तुमच्या मुलांना आई ज्या जगात रमते ते जग तिथे हाताने चाळता येईल.

त्या आधी एक छोटा मोका आहे, संक्रांतीचा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि हल्ली बऱ्याच बायका प्लास्टिकच्या डब्यांऐवजी पुस्तक वाण म्हणून लुटतात. तुमच्या शाळेतल्या, कॉलनीतल्या बायकांना डिसेंबरमध्येच सांगून ठेवा, वीस-पंचवीस प्रती एकदम घेतल्या तर 200 ला देईन म्हणून. कुठे जावं लागत नाही, स्टेज नाही, माईक नाही, आणि पुस्तक थेट वाचणाऱ्या बाईच्या हातात जातं. मला हा मार्ग फार आवडतो, कारण त्यातून पुढचे वाचक मिळतात, एक बाई वाचते मग जावेला देते.

बाकीच्या प्रतींसाठी ग्रंथालयं. आपल्याकडे 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि अ, ब, क, ड वर्गाची शासनमान्य वाचनालयं गावोगाव आहेत. महिन्याला दहा वाचनालयांना पत्र टाका, सोबत पुस्तकाची माहिती एका पानावर, बस. ग्रंथालय संचालनालय आदल्या वर्षात निघालेल्या पुस्तकांची प्रत मागवतं आणि शासनमान्य ग्रंथांची यादी करतं, त्यासाठी तुमची प्रत पाठवा, निवेदन येतं त्यावर लक्ष ठेवा. यादीत नाव लागलं तर वाचनालयांना तुमचं पुस्तक घेणं सोपं जातं. अनुदान हप्त्यांनी येतं त्यामुळे पैसे उशिरा मिळतील, तो राग ग्रंथपालावर काढू नका, बिचाऱ्यांचा स्वतःचा पगारही तुटपुंजा असतो.

मुलाला पार्सल बांधायला लावू का असं तुम्ही शेवटी विचारलंय. दहावीच्या वर्षी नको. धाकट्याला हौस असेल तर चिकटपट्टी लावू दे, एका पार्सलमागे पाच रुपये द्या आणि वहीत लिहून ठेवा. हौस नसेल तर नाही.

मिस्टरांना हे पत्र दाखवा, म्हणजे माझं उत्तर नाही, तुमचा प्रश्न दाखवा. "म्हणूनच जास्त लागलं" हे तुम्ही मला लिहिलंत, त्यांना सांगितलंय का?

प्रश्न : मॅडम, मी डोंबिवलीत राहतो, खाजगी बँकेत आहे. माझी दुसरी कादंबरी स्वतः काढली. लोकल, ऑफिस, परत लोकल, मग रात्री जेवून रील बनवतो, एक वाजतो. मिसेसला छपाईचा खर्च 80 हजार झाला हे सांगितलेलं नाही, जॉइंट एफडी मोडली, तिला वाटतंय 30 मध्ये झालं. वाटलं होतं पुस्तकं विकून गुपचूप परत भरेन. विक्री होत नाहीये. आता एकजण म्हणतायत सव्वा लाखाचं प्रमोशन पॅकेज घ्या, ऑनलाइन बेस्टसेलर करून देतो. ते घेऊन एकदाच सगळं वसूल करावं का?

उत्तर : नाही. आधी बायकोला सांगा, मग पुढचं वाचा. मी हे कठोरपणे लिहितेय कारण तुमच्या पत्रात पुस्तकाची अडचण फार छोटी आहे आणि ही मोठी आहे. रात्री एक वाजेपर्यंत तुम्ही जे रील बनवताय ते वाचकांसाठी बनवत नाही आहात, त्या 50 हजारांच्या भीतीने बनवताय, आणि भीतीने बनवलेलं बघणाऱ्याला कळतं. सांगितल्यावर भांडण होईल. होऊ दे. तिचेही पैसे होते ते.

पॅकेजबद्दल. बेस्टसेलर करून देतो म्हणजे काय करून देणार ते लेखी मागा. किती प्रती विकल्या जातील, कुणाला, न विकल्या तर काय. ऑनलाइन दुकानातला तो क्रमांक एखाद्या छोट्या विभागातला असतो आणि सारखा बदलत राहतो, थोड्या प्रती एकदम घेतल्या तरी पुस्तक तासभर वर दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट काढला की झालं. वाचक त्यातून मिळत नाही. आणि हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. समजा 300 रुपयांचं पुस्तक दुकानातून किंवा वितरकाकडून गेलं तर 40 टक्के कमिशन धरून तुमच्या हातात 180 येतात. 80 हजार निघायलाच 445 प्रती लागतात. त्यात सव्वा लाख घातले तर जवळपास 1140 प्रती विकायला लागतील. तुम्ही छापल्यात किती?

इ-बुक केलंय का? किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या इ-बुकच्या दुकानात, मराठी चालतं, फाइल चढवायला पैसे लागत नाहीत. फक्त तिथे सिलेक्ट नावाची योजना असते ती घेताना समजून घ्या, एकदा टिक केली की 90 दिवस ते इ-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, बदल्यात त्या 90 दिवसांत 5 दिवस पुस्तक फुकट देता येतं. हे पाच दिवस कधी वापरायचे ते ठरवा, बाकी 85 दिवस त्याच्याकडे बघायचं कारण नाही. छापील पुस्तक पाठवायचं तर पोस्टाने 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट सुरू केलंय, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि वर कर, तुमचं पुस्तक त्यात बसतं का ते खिडकीवर एकदा विचारून घ्या, कारण सगळ्याच छापील मजकुराला ते लागू नाही. आयएसबीएन सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचेही कुणी पैसे घेतले असतील तर पुढच्या वेळी देऊ नका. आणि एक राहून जाणारी गोष्ट, स्वतः काढलं म्हणजे कायद्याने प्रकाशक तुम्हीच, 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत 30 दिवसांत पाठवायची असते. राहिलं असेल तर आता पाठवा.

वेळेचं म्हणाल तर तुमच्याकडे लोकल आहे. बसायला मिळत असेल तर जातानाचा प्रवास पुस्तकाचा, त्यात मेसेज, पोस्ट, हिशोब जे काय ते. येतानाचा नाही. येताना मोबाईल खिशात, म्हणजे दारातून आत येताना तुमचं डोकं घरात आलेलं असेल. रात्रीची रीलं बंद. पुस्तकासाठी वेगळं बचत खातं उघडा, शून्य रुपयांनी, त्यात फक्त विक्रीचे पैसे येतील आणि तिसऱ्या कादंबरीचा खर्च त्यातूनच होईल, आणि त्याचं पासबुक मिसेसच्या कपाटात ठेवा.

प्रश्न : नातेवाईक फुकट प्रत मागतात. मामेसासरे तर म्हणाले, आम्हाला काय विकत देणार का? नाही म्हटलं तर घरात वाद. काय करू? — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : छपाईच्या आधीच ठरवा की 25 प्रती भेटीच्या, आणि ती यादी नवरा-बायकोने मिळून करा, दोन्हीकडची माणसं सारखी धरून. यादीतल्यांना सही करून, घरी जाऊन, पेढ्यासकट द्या. यादी संपली की भेट संपली, मग कुणी मागितलं तर "भेटीच्या प्रती संपल्या हो, आता वाचनालयात ठेवलीय तिथून घ्या" एवढंच. मामेसासऱ्यांना मात्र आता देऊन टाका. एका प्रतीसाठी लग्नाकार्यात तोंड फिरवून बसणं कुणालाच परवडत नाही, आणि वयाची माणसं बऱ्याचदा खरोखर वाचतात.

प्रश्न : मी लिहीत नाही, माझे बाबा लिहितात. वय 67, नागपूरला असतात, निवृत्त झाल्यापासून तीन कादंबऱ्या पेन्शनमधून काढल्या. रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर पुस्तकाची लिंक, माझ्या सासरच्या ग्रुपवरही. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसमधल्यांना फोन करतात. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी प्रती वाटल्या. आई गप्प असते. मला लाज वाटते आणि लाज वाटते याचंही वाईट वाटतं. त्यांना न दुखावता कसं थांबवू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात कादंबऱ्या कशाबद्दल आहेत हे कुठेच नाही. तिन्हीतली एकतरी पूर्ण वाचलीत का? मी टोमणा मारत नाहीये, मला खरंच वाटतं की इथूनच सुरुवात आहे. निवृत्त माणूस रोज लिंक टाकतो तेव्हा तो गिऱ्हाईक शोधत असतो असं नाही, कुणीतरी "बाबा, तो नदीचा प्रसंग वाचला" असं म्हणावं म्हणून वाट बघत असतो. घरातल्या कुणी ते म्हटलं नाही की मग सासरचा ग्रुप, जावयाचं ऑफिस, नातीचा वाढदिवस, असं ते पसरत जातं. आईला काय वाटतं हेही विचारा, वेगळं बसून. पेन्शन दोघांची आहे. चौथी कादंबरी काढायच्या आधी औषधपाण्याचे, प्रवासाचे पैसे बाजूला काढलेत का, हे तुम्ही मुलगी म्हणून मोकळेपणाने विचारू शकता, त्यात अपमान नाही.

मग थांबवण्याचं. नुसतं "बाबा ग्रुपवर टाकू नका" म्हणाल तर ते दुखावतील आणि चार दिवसांनी परत टाकतील. त्यांना दुसरी जागा द्या. ज्यांना खरंच वाचायचंय अशांची वेगळी ब्रॉडकास्ट लिस्ट करून द्या, आधी त्या प्रत्येकाला विचारून, पंधरा-वीस नावं झाली तरी पुष्कळ, आणि तिथे आठवड्यातून एकदाच टाकायचं. त्यांच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात, जवळच्या वाचनालयात कादंबरीतलं एखादं प्रकरण वाचून दाखवायचा कार्यक्रम मागा, 14 ते 20 नोव्हेंबरला ग्रंथालय सप्ताह असतो तेव्हा वाचनालयं स्वतःच माणसं शोधत असतात. मुलांना घेऊन तुम्ही पहिल्या रांगेत बसा. सासरच्या ग्रुपचं मात्र स्पष्ट सांगा, तिथे नको, माझी तिथे अडचण होते. ते बाप आहेत, मुलीची अडचण होते म्हटल्यावर ऐकतील.

नातीचा वाढदिवस पुढच्या वर्षी फक्त नातीचा. तिच्यासाठी त्यांनी एक गोष्ट लिहावी, छापायची नाही, हाताने, वहीत. हे तुम्ही सुचवू नका, तिला मागू दे.

आणि पहिली कादंबरी वाचून संपली की त्यांना फोन करा, मेसेज नको. आवडलेलं सांगा, न पटलेलं प्रकरणही सांगा, आणि ते का तसं लिहिलं हे ते सांगायला लागले की फोन ठेवायची घाई करू नका.